परदेशातल्या मुलांच्या वॉर्डात नातवाला भेटायला जाताना

प्रश्न पारोळ्याच्या एका निवृत्त गुरुजींचा आहे. मुलगी-जावई इंग्लंडमध्ये असतात. 6 वर्षांच्या नातवाला रक्ताचा कर्करोग (ए.एल.एल.) निघाला असून तिथल्या मुलांच्या वॉर्डात केमो सुरू आहे. घरी 3 वर्षांची नातही आहे. गुरुजी आणि काकू ऑक्टोबरात 6 आठवड्यांसाठी जाणार आहेत. वॉर्डात भेटायची रीत काय, सोबत काय न्यावं, आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाने बाकीच्या मुलांना खेळणी वाटायला जमवलेले 8,000 रुपये कसे वापरावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

गुरुजी, एका गोष्टीची मनाची तयारी आधीच करून ठेवा. विमानातून उतरल्या उतरल्या तुमचा जीव वॉर्डाकडे ओढ घेईल. पण पहिले चार दिवस वॉर्डात जाऊ नका. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 1 ते 4 दिवस जातात. साध्या सर्दीचंही तसंच. पारोळ्याहून मुंबई, मुंबईचं विमानतळ, नऊ-दहा तासांचं बंद विमान, एवढ्या प्रवासात काय चिकटलंय ते चार दिवसांत कळतं. तुम्हाला नुसतं नाक गळेल, नातवाला त्याच विषाणूने न्यूमोनिया होऊ शकतो.

हे नीट समजायला एक आकडा लक्षात ठेवा. रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी पहिली लढाई त्यांची. आपल्याकडच्या रिपोर्टात त्या 500 च्या खाली गेल्या की धोका मोठा. तिकडे तोच आकडा 0.5 असा लिहितात, त्यामुळे मुलीने फोनवर "पॉइंट टू आलंय" म्हटलं तर ते 200 समजा. केमोच्या डोसानंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान या पेशी सर्वांत खाली असतात. भेटीचे दिवस ठरवताना मुलीला हाच आकडा विचारा. पेशी वर असतील त्या दिवशी निवांत बसता येतं. तळाला असतील तेव्हा काचेबाहेरून हात हलवून परत यावं लागेल, आणि तेच बरोबर असेल.

तयारी खरी इथूनच सुरू होते. दोघांनी फ्लूची लस निघायच्या किमान 2 आठवडे आधी घ्या, कारण अंगात प्रतिकार तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत. 6 महिन्यांपर्यंतच्या भेटीच्या व्हिसाला इंग्लंड क्षयरोगाची तपासणी मागत नाही. म्हणजे तुम्हाला कुणी अडवणार नाही, म्हणूनच ती आपण होऊन करायची.

कांजिण्या आणि गोवर यांना केमोवरच्या मुलाच्या बाबतीत मी सर्वांत जास्त घाबरते. कांजिण्यांचा संपर्क आल्यापासून पुरळ उठेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात आणि पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देतो. म्हणून निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत लग्नं, बारशी, शाळेचे कार्यक्रम शक्य तितके टाळा. घरात किंवा गल्लीत कुणाला "माता आल्या" म्हणून नुसता कडुलिंब लावून निजवलं असेल, डॉक्टरला दाखवलं नसेल, तरी त्या कांजिण्याच धरायच्या. तुम्हाला लहानपणी येऊन गेल्या असतील तर तुम्हाला पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. तरीही असा संपर्क झाला असेल तर पोचल्यावर भेटीआधी मुलीमार्फत वॉर्डाला सांगा. कुणालाही नागीण उठली असेल तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत मुलाजवळ जायचं नाही, कारण विषाणू तोच आहे. जुलाब-उलटी झाली तर शेवटच्या वेळेपासून 48 तास मोजायचे. तिथे दारावरच ही पाटी असते.

प्रवासाच्या विम्यात तुमचा बीपी, शुगर स्पष्ट लिहून द्या. परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर स्थानिक दराच्या दीडपट आकारणी होते. सहा आठवड्यांच्या गोळ्या, वर दोन आठवड्यांच्या जास्तीच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. मुलगी आधीच एका आजारपणाला पुरी पडत नाहीये.

आता वॉर्ड. आपल्याकडच्यासारखं थेट आत शिरता येत नाही. दार कुलूपबंद असतं, बेल दाबायची, इंटरकॉमवर मुलाचं पूर्ण नाव आणि तुमचं नातं सांगायचं. नाव एका कागदावर इंग्रजीत लिहून खिशात ठेवा, आयत्या वेळी आडनाव त्यांना कळत नाही. खाटेजवळ बहुतेक ठिकाणी एका वेळी दोघेच. त्यात आई-बाप धरले जातात का, ते वॉर्डागणिक वेगळं असतं, आधी विचारा. आई-वडिलांना चोवीस तास मुभा असते, आजी-आजोबांना ठरलेल्या वेळा.

आत शिरताच कोट काढायचा, बाह्या कोपराच्या वर. घड्याळ, अंगठ्या, मनगटावरचे दोरे उतरवायचे. काकूंच्या बांगड्यांचा प्रश्न येईल. भरल्या हातांनी राहायची आपली रीत आहे, पण बांगडीखालची कातडी धुतली जात नाही आणि जंतू नेमके तिथेच राहतात. एखादी घट्ट बसणारी सोन्याची बांगडी वर कोपराकडे सरकवता आली तर सिस्टरला विचारून ठेवा, काचेचा चुडा घरीच उतरवून जा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. वाकल्यावर ते मुलाच्या नळीत अडकतं.

हात धुणं म्हणजे साबण-पाण्याने पूर्ण 40 ते 60 सेकंद: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा गोल फिरवून, नखांची टोकं तळव्यावर घासून. अंगठा आणि नखं लोक हमखास विसरतात. भिंतीवरचं जेल लावायचं तर 20 ते 30 सेकंद, हात वाळेपर्यंत चोळायचं. पण जुलाब-उलटीच्या नोरोव्हायरसवर जेल चालत नाही, तिथे साबणच लागतो. आत जाताना, मुलाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर आणि बाहेर पडताना, चारही वेळा. स्वच्छतागृह पाहुण्यांचंच वापरा, खोलीतलं नाही. खाटेवर बसायचं नाही, पिशवीही ठेवायची नाही.

नातवाच्या छातीतून एक बारीक नळी बाहेर आलेली असेल, किंवा कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषधाची सुई टोचायची छोटी डबी असेल. नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली असते. त्याला बगलेत धरून उचलायचं नाही, नळीचं टोक उघडं आहे का म्हणून चाचपायचं नाही. पंप वाजायला लागला तर घाबरू नका आणि बटणही दाबू नका. बहुतेक वेळा नळी मुडपलेली असते किंवा औषध संपलेलं असतं. सिस्टरची बेल दाबा, एवढंच.

खाटेवर "निल बाय माउथ", म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, अशी पाटी दिसली तर ती लक्ष्मणरेषा. या आजारात पाठीच्या कण्यातून औषध द्यावं लागतं आणि मुलांना त्यासाठी भूल देतात. भुलेआधी घन पदार्थ 6 तास बंद. नेमकं याच उपचारात स्टेरॉइडही असतं. त्याने भूक इतकी खवळते की मूल पहाटे तीनला वरण-भात मागतं. सकाळी आई अंघोळीला गेली की नातू आजीकडे हात पसरणार, आजीचं काळीज वितळणार आणि एक बिस्कीट दिलं जाणार. भूल चढताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर त्या दिवसाचं काम रद्द करतात आणि मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहावं लागतं. काकूंना हे मी मुद्दाम सांगतेय.

खाण्याचं सामान बांधण्याआधी दोन गोष्टी. भारतातून इंग्लंडमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप विमानतळावर काढून घेतात. तूप तिकडच्या दुकानात मिळतं. दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. आपल्या खान्देशी स्वयंपाकात तो नाही असा पदार्थ शोधावा लागतो: भरीत, ठेचा, चटणी, भाजीचं वाटण. मुलांच्या वॉर्डात बाजूच्या खाटेवर शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेलं मूल असू शकतं, त्याला अगदी थोड्याने श्वास कोंडतो. शिवाय अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत अडकतो. नात तीन वर्षांची आहे हेही विसरू नका. वॉर्डात शेंगदाण्याचं काहीही नको, कूटसुद्धा नको.

नातवासाठी काय चालेल? ताजं, वाफाळतं, मऊ. वरण-भात, मऊ खिचडी, दादर ज्वारीच्या भाकरीचा गरम काला. केमोने तोंड आतून सोलवटतं, तेव्हा तिखट-आंबट काहीच सोसत नाही. कच्ची कोशिंबीर, कांद्याची पात, न धुतलेली फळं, सकाळी केलेला भात संध्याकाळी, हे बंद. शिजवलेला भात बाहेर राहिला की त्यात जंतू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. डबा नेण्याआधी वॉर्डाच्या आहारतज्ज्ञांना विचारा, काही वॉर्डांत घरचं अन्न चालतच नाही. काढा, चूर्ण, भस्म, हळदीच्या गोळ्या, गावाकडच्या वैद्याने प्रेमाने दिलेलं काहीही परस्पर द्यायचं नाही. केमोचं औषध यकृतातून जातं, आणि त्याच वाटेवर दुसरं काही घातलं की डोस कमी-जास्त होतो. डॉक्टरला कारण सापडत नाही, ते केमो थांबवतात.

सप्तशृंगीचा अंगारा आणि कानबाईच्या नावाचा दोरा तुम्ही नेणार, नेऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त तो मुलाच्या कपाळाला, मनगटाला लावायचा नाही. छोट्या पारदर्शक पिशवीत बंद करून मुलीच्या घरच्या देव्हाऱ्यात ठेवा. ताजी फुलं, हार, तुळशीचं रोपही वॉर्डात नको. फुलदाणीच्या पाण्यात आणि मातीत बुरशी आणि जंतू असतात.

भेटीत बोलायचं काय, याची धास्ती बहुतेक आजी-आजोबांना असते. स्टेरॉइडने नातवाचा चेहरा फुगलेला असेल, केस गेलेले असतील, बोलताना तो चिडेल, तुमच्याकडे पाठ फिरवेल. तो तुमच्यावर रुसलेला नसतो, ते औषधाचं काम आहे. "किती वाळला माझा राजा" असं तोंडातून निघू देऊ नका. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशी खुर्ची ओढा आणि "काय करी राह्यना रे?" असं आपल्या बोलीत, फोनवर रोज विचारता तसंच विचारा. मग गप्प बसा, त्याला सुरुवात करू द्या. पत्ते, सापशिडी, चित्र रंगवणं, काहीतरी हातात असलं की मूल आपोआप बोलतं. जवळ घेण्याआधी विचारा. दिवसभर सगळे न विचारता त्याच्या अंगाला हात लावतात, नाही म्हणायची मुभा त्याला निदान तुमच्याकडे तरी मिळावी. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली.

तिकडे मुलाला त्याचा आजार त्याच्या वयाच्या भाषेत खरा सांगतात. त्याला कदाचित औषधांची नावंही पाठ असतील. तुम्ही मायेपोटी "तुला काही झालेलं नाही, उद्या घरी जाशील" म्हणालात आणि उद्या घरी गेला नाही, तर पुढच्या वेळी तो तुमचं ऐकणार नाही. "घरी कधी जायचं ते डॉक्टर सांगतील, मी परवा दुपारी येतो" असं म्हणा, आणि परवा दुपारीच जा.

डॉक्टर तुम्हाला आजाराबद्दल काही सांगणार नाहीत, ते आई-वडिलांनाच सांगतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. आई-वडिलांच्या परवानगीने तुम्ही बैठकीला बसलात तर दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. जावयाने भाषांतर करण्यापेक्षा दुभाष्या बरा, बापाला स्वतःचं ऐकायचं असतं. बाजूच्या खाटेवरच्या मुलाला काय झालंय हे त्याच्या आईला विचारू नका. फोटोत दुसरं मूल येता कामा नये, आणि नातवाचाही फोटो मुलीला विचारल्याशिवाय कुठल्याही गटावर टाकू नका.

फोनवरून आठवलं. पारोळ्यात सकाळचे 6 म्हणजे ऑक्टोबरात तिथे मध्यरात्रीनंतर दीड, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेल्यावर साडेबारा. नातेवाइकांचे सुप्रभात संदेश त्या वेळी खाटेशेजारच्या खुर्चीत नुकत्याच डोळा लागलेल्या आईला उठवतात. गावाकडच्या सगळ्यांना खबर द्यायचं काम तुमच्यापैकी एकाने घ्या आणि मुलीचा फोन मोकळा करा.

आणि इथेच तुमचं खरं काम आहे. वॉर्डात जाण्याइतकाच घराचा ताबा घेणं मोलाचं. एक पालक कायम रुग्णालयात, दुसरा नोकरी आणि धाकटी यांत धावतोय. नातीला बालवाडीत पोचवणं, धुणं, रोजचा डबा, आणि मुलीला दुपारी दोन तास पडू देणं. धाकटीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालेलं असतं, तिला आजी पूर्ण मिळू द्या. हे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, पहिले काही महिने सर्वांत कठीण. सहा आठवडे घर चाललं तर मुलगी-जावई पुढचं ओढू शकतात.

केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये नातू घरी येईल, तेव्हाचा नियम फ्रिजवर चिकटवा. ताप 38 अंश, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 100.4 झाला, की वॉर्डाचा चोवीस तासांचा नंबर लगेच. अंग गरम लागलं म्हणून आधी पॅरासिटामॉल पाजायचं नाही. ताप उतरतो, खाली रक्तात पसरणारे जंतू दिसेनासे होतात, आणि हातातले तास जातात. अशा मुलाला रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक जायला हवं. थंडी वाजून थरथरत असेल, मलूल पडला असेल, तर ताप नसला तरी फोन करा. ब्रुफेनसारख्या गोळ्या वॉर्डाने सांगितल्याशिवाय नाहीत, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढतो. केमोनंतर किमान 48 तास उलटी-लघवी पुसताना हातमोजे घाला. वॉर्डाने जास्त दिवस सांगितले तर तेवढे.

राहिली खेळणी. मंडळाची भावना चांगली आहे, पण वॉर्डात फिरून हाताने वाटता येणार नाहीत. 2012 साली उघड झालं की जिमी सॅव्हिल या तिथल्या प्रसिद्ध टीव्ही निवेदकाने देणगीदार आणि स्वयंसेवक म्हणून अनेक दशकं रुग्णालयांत मोकळेपणी वावरून मुलांसह अनेकांवर अत्याचार केले होते. त्यानंतर 2015 च्या लॅम्पार्ड अहवालाने बाहेरच्या पाहुण्यांबद्दल कडक शिफारशी केल्या. मुलांच्या खाटेपाशी अनोळखी माणूस, मग तो कितीही भला असो, सोबतीशिवाय जाऊ देत नाहीत. मला हे योग्यच वाटतं.

वॉर्डात "प्ले स्पेशलिस्ट" असतात. सुई, स्कॅन, भूल यांची मुलांच्या मनातली भीती खेळातून काढणं हे त्यांचं काम. कुठल्या मुलाला काय झेपेल हे त्यांना ठाऊक असतं, खेळणी त्यांच्याच हाती द्यायची. नवी, कंपनीच्या खोक्यात बंद, पुसता येणारी, सी.ई. किंवा यू.के.सी.ए. ही तिथली सुरक्षिततेची खूण असलेली. भेटकागदात गुंडाळू नका, त्यांना तपासावं लागतं. कापडी बाहुल्या बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण पुसता येत नाहीत. फुगे तर मुळीच नाहीत, रबराची ॲलर्जी आणि गुदमरणं दोन्ही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल असा एकही सुटा भाग नको. बटणासारखा सेल असलेलं खेळणं स्क्रूने बंद असल्याशिवाय नको. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका जाळतो. आपल्याकडच्या बाजारातली खेळणी आय.एस.आय. खुणेची असली तरी तिथे ती खूण चालेलच असं नाही. म्हणून इथून ओझं नेऊ नका. मुलीला सांगा, वॉर्डाच्या प्ले स्पेशलिस्टांकडून यादी घे आणि तिथूनच मागव. 8,000 रुपयांचे साधारण सत्तर पौंड होतात. त्यात चांगले रंग, चित्रवह्या, पत्त्यांचे खेळ येतील. मोठ्या मुलांसाठीही काहीतरी घ्या. चौदा वर्षांच्या मुलासाठी सहसा कुणीच काही आणत नाही.

माझं मत विचाराल तर निम्मे पैसे तिकडे आणि निम्मे इकडेच लावा. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत कुपोषित मूल आईसोबत साधारण 14 दिवस राहतं, आणि तिथल्या उपचारात खेळ हा औषधाइतकाच ठरलेला भाग आहे. धुता येणारे ठोकळे, कड्या, खुळखुळे, सगळ्यांवर आय.एस.आय. खूण. बिस्किटं-केळी मात्र वाटू नका. सुरुवातीला या मुलांना दर 100 मिलीला 75 कॅलरी असं मोजून दूध देतात, कारण आटलेल्या शरीरावर अचानक अन्नाचा भार पडला तर हृदयाला झेपत नाही. आईसाठी चादर, अंघोळीचा साबण, एक साडी दिली तर ती कामी येते. मंडळातल्या दोघांनीच जावं, आधी केंद्राच्या सिस्टरला फोन करावा, आणि सामान तिच्या हाती द्यावं.